गोठ्यावरचं सोलर

त्या संकष्टीला सकाळी मी गोठ्यातला कडबा बाहेर ओढत व्हते. माझं माहेर पारगावचं, दिलं इकडं जुन्नरला, अन् निम्मं आयुष्य ह्या गोठ्यात गेलं, म्हणून तिथूनच सांगते. आमच्याकडं बिबट्या लई. लाइट गेली की सगळा अंधार, त्यात म्हैस गाभण. म्हणून घराचं सोलर गोठ्याच्या पत्र्यावर बसवलं, तिथं ऊन दिवसभर असतं.

पॅनल बसले, वायरिंग धाकट्या दिरानं अंगावर घेतलं. गावच्या मोटारी तेच जोडतात, हात चांगला हाय. पण काय सांगू तुम्हाला, आमच्या शिवारात एक खोड हाय, फ्यूज उडला की जाड तार घालायची, म्हणजे परत उडायलाच नको. त्याच चालीनं भाऊजींनी विहिरीवरची उरलेली केबल अन् घरातला साधा ब्रेकर आणला. मी म्हटलं, भाऊजी, पॅनलवाल्यानं डीसीचा ब्रेकर सांगितलाय, अन् उन्हात न तडकणारी वायर. ते म्हणाले, वहिनी, करंट तो करंट, त्याला काय माहेर-सासर असतं व्हय? म्हटलं, असतं. मोटारीचा करंट येतो-जातो, त्यात ब्रेकर पडताना उडालेली ठिणगी विझते. पॅनलचा डीसी, एकाच दिशेनं वाहतो, साध्या ब्रेकरमधी ठिणगी विझतच न्हाई, ब्रेकरची डबी पेटते. खाली कडबा, कडब्याशेजारी म्हैस. ते म्हणाले, काय व्हत न्हाई ओ, मी हाय ना.

मग मी भांडले न्हाई. म्हैस सोडली अन् नेऊन त्यांच्या पडवीत बांधली. म्हटलं, एवढा भरवसा हाय तर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. म्हशीनं तिथंच शेण टाकलं. जाऊ दारात उभी, हसू दाबत म्हणाली, अहो, ब्रेकर आणायला आळेफाट्याच्या दुकानात तुमी जाताय का मी जाऊ?

गेले की भाऊजीच. डीसीचा ब्रेकर आणला, वायरीला झेपेल तेवढ्याच ताकदीचा, कारण वायर तापायच्या आधी तो पडला पाहिजे. वायरपण सोलरची आणली. मी पॅनलवर गोधड्या अंथरल्या, जोडताना करंट बंद करायला उन्हाला काय बटन नसतं, अन् त्यांनी संध्याकाळपर्यंत जोडणी उरकली. म्हणाले, आता तरी म्हैस न्या वहिनी. म्हटलं, उद्या ऊन चढू द्या, मग बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधड्या काढल्या, ब्रेकर वर केला, चांगलं ऊन तापेस्तोवर तिथंच उभी राहिले. वायरीला वरून हात लावला, गार व्हती. मग जावेची पडवी धुऊन दिली अन् म्हैस घरी आणली.