भट्टीकडचा फेरा

शकुबाई रेशनच्या रांगेत उभी होती, पण कान पुढच्या दोघांकडे होते. त्यांतल्या कवडूच्या पायाशी म्हातारा कुत्रा बसला होता.

“टिकारामभाऊ, मले वरच्या मजल्यावरचं क्वार्टर भेटलं. याच्यानं जिना चढनं होत नाही. तुमी घेऊन जा.”

“चावते का?”

“नाही. पन दिवस बुडताना याले बांधू नोका.”

“कावून?”

“याचं गाव कारखान्यात गेलं, तवा हा मांगं राहिला होता. मी आनला. तरी रोज आपलं घर पाहाले जाते.”

“तिथं तं आता भट्टी आहे.”

“भट्टीले चक्कर मारते आन् वापस येते.”

“एखांद्या दिवशी नाही आला तं?”

रांग पुढे सरकली. कवडू हलला नाही. शकुबाईनंही घाई केली नाही.

“मंग मले सांगू नोका.”