पावतीवरचा जिल्हा

त्या दुष्काळात आमची विहीर आटली, म्हणून मी कैक वर्षांपूर्वी केलेलं मोटारगाडीचं बुकिंग रद्द केलं. अनामत परत मिळाली तरच बोर घेता येणार होता, अन् बोरची गाडी सोमवारी दुसऱ्या गावाला जाणार होती. किल्लारीहून नांदेडला पोचेस्तोवर जीव अर्धा झाला.

शोरूममधला कारकून म्हणाला, "पावतीवर जिल्हा उस्मानाबाद हाय, अर्जावर लातूर. गाव बदललं का?"

"न्हाई साहेब, मी तिथंच हाय. जिल्हाच नवा झाला."

तो पावती घेऊन आत गेला. तासभर माझा जीव टांगणीला. मग येऊन म्हणाला, "मंजूर हाय. चेक कोणत्या पत्त्यावर धाडू?"

"कुठंच धाडू नका. टपाल पोचेस्तोवर अजून एखादा जिल्हा झाला तर? मी हितंच बसून राहतो."