निखाऱ्यावरची भाकर

पाचोऱ्यात लोकल बोर्डाच्या दवाखान्यासमोर ओळीत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. धाकटीच्या कडेवर काडीसारखी पोर.

"काय झालं इले?"

"जेवत नाही, अक्का. घास तोंडात गेला की ओकते."

"मग जगते कशावर?"

"जाऊबाईच्या चुलीवर! करणी केली त्या बाईनं. तिले लेकरू नाही, तं माहं ओढून घेतलं. पोर तिलेच मोठी आई म्हणते."

"असं काय घालते ती खायाले?"

"काही नाही! निखाऱ्यावर कडक केलेली कोरडी भाकर. मी मेली दाळीत चुरून, वर तूप घालून, मऊ करून भरवते. ते थुंकते."

"आधी दाखवलं होतं? डॉक्टर काय म्हणले?"

"म्हणे हा हट्ट नाही, आजार आहे. लिबलिबीत काही तिले सोसतच नाही. घरी कोरडंच द्या, मग हळूहळू दुसरं लावा."

"मग देऊन पाहाचं होतं."

"दिली ना काल, निखाऱ्यावर कडक करून."

"खाल्ली?"

"सगळी खाल्ली. अन् म्हणे, आई, मोठ्या आईसारखी झाली गं!"

"बरं झालं की, बाई. मग आज कशाले आली?"

"त्या बाईच्या भाकरीवाचून दुसरं औषध मागाले."