चेंडू अडवताना

हाडांच्या डॉक्टरांकडे मी देवाचं नाव घेत नंबराची वाट बघत होते. शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईच्या एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हाताचं मनगट टम्म सुजलेलं. नर्स कागद भरत होती.

“कशानं लागलं?”

“पडली हो. दिसत नाही ना तिला.”

“पडले नाही. चेंडू अडवायला अंग झोकून दिलं. तसंच लिहा.”

“आई, साठीत कसला चेंडू?”

“घुंगरांचा. आवाज आला की आडवं व्हायचं. सहाजणी खेळतो, एकीलाही दिसत नाही.”

“आता ते बंद. घरात बस.”

“दोन वर्षं बसले की. गुडघे धरले आणि बोलायला भिंत. तिथे मला कुणी ‘जपून’ म्हणत नाही. आडवी झाले नाही तर ओरडतात.”

“आणि हात मोडला असेल तर?”

“तर बरा होईपर्यंत बसेन. पण तिथल्या बाकावर.”

नर्सनं विचारलं, “मग अडला का चेंडू?”

“अडला. तेही लिहा.”

लेक म्हणाली, “शनिवारी तुमच्या खेळाला मीच येते. बघते काय चालतं तिथे.”

“ये की. पण खेळ चालू असताना बघणाऱ्यांनी गप्प बसायचं असतं, नाहीतर आम्हाला घुंगरं ऐकू येत नाहीत. झेपेल का तुला?”