वड्यांच्या पिशवीतलं हेल्मेट

(टोकियो, कोतो. इस्पितळातल्या तपासणीच्या खोलीबाहेरचा बाक. डिसेंबरातली दुपार. सुलेखाच्या मांडीवर फुगलेली पिशवी. चंद्रहास आत्ताच पोचलाय.)

चंद्रहास : बरं, शशांक आत आहे, डोक्याचा स्कॅन चाललाय, एवढं कळलं. आता ती पिशवी उघड.

सुलेखा : आधी तुम्ही बसा. धाप लागलीय.

चंद्रहास : उघड म्हणतो ना.

सुलेखा : बघायचं काय त्यात? सकाळी बटाटेवडे होते, आता तुमच्या लेकाचं हेल्मेट आहे. मी नेलं. झालं समाधान?

चंद्रहास : म्हणजे खरंच तू! अगं, अख्खी टीम बाकांखाली वाकून शोधत होती. कोच ओरडतोय, मॅनेजर पोरी खोकी उपसतायत, आणि मी वर स्टँडमध्ये शेजारच्या बाईंना सांगतोय, मिसेस जरा बाहेर गेल्यात. तुझा मेसेज दिसला तो सामना संपल्यावर. मग फोन लावतोय तर बंद.

सुलेखा : इथे बंदच ठेवायला लावतात.

चंद्रहास : पण तो चालत गेला होता मैदानाबाहेर. मी पाहिलं ना! ट्रेनर पोरीने काहीतरी विचारलं, याने पटापट उत्तरं दिली...

सुलेखा : काय विचारलं माहितीये? आज वार कुठला, मैदान कुठलं, मागचा सामना कुणाशी. डोक्याला दणका बसला की हेच विचारतात. आणि ही पोरं आदल्या दिवशी उत्तरं पाठ करून येतात! शाळेत पाढे घोकायचे तशी. का, तर कुणी बाहेर बसवू नये म्हणून.

चंद्रहास : तुला कुणी सांगितलं?

सुलेखा : टीममधल्या ओगावाने. टीमची पोरं घरी वडे खायला आली होती तेव्हा. सगळी फिदीफिदी हसली.

चंद्रहास : मग शशांकला लागलंय हे तुला कसं कळलं?

सुलेखा : मध्यंतरात पालकांच्या तंबूतून मी वडे घेऊन गेले बाकापाशी. विचारलं, डोकं दुखतंय का रे? आता एरवी हा काय बोलतो माझ्याशी?

चंद्रहास : बेत्सुनी.

सुलेखा : बेत्सुनी! काही विशेष नाही. जेवलास का, बेत्सुनी. परीक्षा कशी गेली, बेत्सुनी. कॉलेजात गेल्यापासून या पोराने मला एक धड मराठी वाक्य दिलेलं नाही. आणि आज माझ्याकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाला, "आई, जिन्यात चिखल आहे. बूट खालीच काढ."

चंद्रहास : कसला चिखल?

सुलेखा : अहो, आपल्या उरायासुच्या घरातला! त्या मोठ्या भूकंपानंतरचा, इतक्या वर्षांपूर्वीचा!

चंद्रहास : अरे देवा.

सुलेखा : जमिनीतून उसळून वर आलेला तो करडा राडा. नळाला पाणी नाही, संडास बंद. तुमच्या बँकेतले एकजात सगळे विमानं पकडून पसार झाले, आणि तुम्ही म्हणालात, हेड ऑफिसला रिपोर्ट जायचाय, मी कसा निघू.

चंद्रहास : ते आत्ता कशाला काढतेस?

सुलेखा : कारण तेव्हा आपल्या जिन्यातला राडा याच टीमच्या पोरांनी फावड्यांनी उपसला. पाण्याचे कॅन वर आणून दिले. शशांक शाळेत होता, दिवसभर त्यांच्या मागे मागे. कॉलेजात गेला आणि अमेरिकन फुटबॉलची तीच टीम धरली. मी कधी नको म्हटलं? बोट मोडलं, गुडघा सुजला, नको म्हटलं?

चंद्रहास : नाही.

सुलेखा : उपकार आहेत त्यांचे. पण उपकाराच्या बदल्यात पोराचं डोकं मी देणार नाही.

चंद्रहास : मग कोचला सांगायचंस ना. प्रॉपर चॅनेलने.

सुलेखा : सांगितलं! म्हणाला, सगळी उत्तरं बरोबर आलीत, आई, काळजी नको. वर याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, गांबारे. नेट लाव म्हणे! अख्ख्या सीझनचे सातही सामने हरले, तेव्हा कुठे गेला होता यांचा नेट? आज हरलो तर खालच्या गटात ढकलले जाणार, म्हटल्यावर माझ्या पोराने फुटक्या डोक्याने नेट लावायचा?

चंद्रहास : हळू. लोक बघतायत.

सुलेखा : बघू देत. जन्मभर हळू बोलून काय मिळालं?

चंद्रहास : म्हणून उचललंस हेल्मेट.

सुलेखा : त्याच्याशिवाय रेफरी आत पाऊल टाकू देत नाही, एवढा नियम मला कळतो. आणि दुसऱ्या कुणाचं याला बसत नाही. डोकं तुमच्या घराण्याचं आहे, परातीएवढं.

चंद्रहास : कुणी बघितलं नाही तुला?

सुलेखा : त्या ट्रेनर पोरीने बघितलं. मिसाकीने. पिशवीची चेन लागेना, पुढची जाळी आडवी येत होती. म्हटलं, आता ही ओरडणार. तिने इकडेतिकडे पाहिलं, खाली बसली, जाळी तिरकी केली आणि चेन ओढून दिली. टॅक्सीही तिनेच बोलावली, आणि सगळे हेल्मेट शोधत होते त्या गडबडीत शशांकला हळूच आणून माझ्याशेजारी बसवलं.

चंद्रहास : मी खाली उतरलो तेव्हा कोच तिलाच झापत होता. पोरगी आपली एकच सांगत होती, माहीत नाही.

सुलेखा : तिला काही करणार नाहीत ना हो?

चंद्रहास : तिच्यासाठी मी बोलेन. तुला सामन्याचं सांगू?

सुलेखा : नको. त्या दारातून कुणी बाहेर येईपर्यंत मला काही सांगू नका. मेंदूत रक्त साकळलंय का, एवढंच मला ऐकायचंय.

चंद्रहास : बरं.

सुलेखा : हरले असतील तर मी जाईन त्यांच्यासमोर. कंबरेतून वाकेन. पण माफी मागणार नाही.

चंद्रहास : मागू नकोस. पिशवी दे इकडे, जड आहे.

सुलेखा : राहू दे माझ्या मांडीवर.

चंद्रहास : लसणाचा वास मारतंय ते.

सुलेखा : मारू दे. अहो... डॉक्टर. उठा, उठा.

(डॉक्टर दारातच थोडं बोलून आत जातात.)

चंद्रहास : काय म्हणाले? इतकं भराभर बोलले, मला अर्धंच कळलं. सुलेखा? अगं, दुकानात दिवसभर यांचीच भाषा बोलतेस ना, सांग की!

सुलेखा : रक्त नाही.

चंद्रहास : नाही म्हणजे?

सुलेखा : कुठेच नाही. हाड शाबूत आहे. मेंदूला दणका बसलाय, तो विश्रांतीने उतरेल. पण आज तशीच आणखी एक टक्कर झाली असती तर काही सांगता आलं नसतं, म्हणाले.

चंद्रहास : बस. तू बस आधी.

सुलेखा : मी बसते, पण तुम्ही रडताय.

चंद्रहास : मी नाही रडत. रुमाल दे.

सुलेखा : पिशवीत आहे. हेल्मेटच्या खाली.

चंद्रहास : तेलकट झालाय हा.

सुलेखा : पुसा मुकाट्याने. तो येतोय. शशांक! हळू रे, भिंत धर.

शशांक : शिआइ वा?

सुलेखा : सामन्याचं विचारतोय. सांगा आता. आम्हा दोघांनाही.

चंद्रहास : बरोबरी.

सुलेखा : म्हणजे गेले खाली?

चंद्रहास : नाही गं! बरोबरी झाली तर वरचा संघ वरच राहतो. राहिलो आपण! शेवटी ते लोक आपल्या दाराशी येऊन ठेपले होते. शशांक, तुझ्या जागी तो ओगावा उभा होता. दर वेळी आडवा होत होता बिचारा, पण वाट दिली नाही त्याने.

शशांक : माजीदे?

चंद्रहास : खरंच रे बाबा. एक सामना न जिंकता पहिल्या गटात! तुमचा कॅप्टन मैदानात पालथा पडून हुंदके देत होता. आणि कोचला मी सांगितलं, पोरगा इस्पितळात आहे. तो जो वाकला, तो वर येईचना.

सुलेखा : त्याला सांगा, मिसाकीसमोर वाक. शशांक, इकडे बघ माझ्याकडे. तुझं हेल्मेट मी चोरलं. राग आला असेल तर आत्ता बोलून टाक, मनात ठेवू नकोस.

शशांक : बेत्सुनी.

चंद्रहास : बेत्सुनी? अरे, आईचा जीव टांगणीला लागला होता इथे! नीट मराठीत बोल तिच्याशी...

सुलेखा : नको हो. असंच बोलू दे त्याला.