पुलाअलीकडचा बंब

महापौर : नाही काका, बकरा हाच. पाचवी मागणी. आता बदल नाही.

काका : बाई, शहराच्या मागण्या इथे राज्याच्या समितीपुढे आणायच्या नि त्यातला बळीचा बकरा निवडायचा, हे काम माझं. तुमच्याआधी चार महापौर होऊन गेले, एकानेही त्यात हात घातला नाही.

महापौर : म्हणूनच ते होऊन गेले.

काका : बसा आधी. त्या टोकाला नको, या बाकाचा तिकडचा पाय लुळा आहे. गेल्या वर्षी इथून एक मंत्री घसरला, तो थेट विरोधी पक्षात जाऊन पडला.

महापौर : थापा आतमध्ये मारा. इथे मी एकटीच आहे, हसणार नाही.

काका : बरं, थाप नाही. हात जोडून सांगतो. दुसरा बकरा घ्या. आबा समितीचे अध्यक्ष, त्यांना काय, पाचांतली एक मागणी कापायला मिळाली की झालं. कुठली कापली याचं त्यांना सुखदुःख नाही. एक कापली नाही तर समितीतले बाकीचे आमदार म्हणणार, शहराने अध्यक्षाला खिशात घातलं. कापली की सगळ्यांच्या मिशा वर. मग कापायला त्यांना बागेच्या वेळेची मागणी द्या! ती मेली तर कोण रडणार आहे?

महापौर : बागेची कापली तर आमदारच हसतील. बकरा जरा धष्टपुष्ट लागतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. कापताना रक्त दिसलं पाहिजे, हे शब्दसुद्धा तुमचेच.

काका : माझेच. जीभ झडो माझी.

महापौर : ती झडून कसं चालेल? तिच्यावर तर सगळं आहे. ज्या मागणीवर काका थाप मारतील ती कापायची, ही खूण तुमची नि आबांची. मी येण्याच्या कितीतरी आधीपासूनची.

काका : खूण आमचीच. पाण्याचा कायदा कापायचा होता तेव्हा मी आत सांगितलं, आबा, आमच्या नळातून मगर निघाली, तीही तहानेने मेलेली. आबा एवढे हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं. रस्त्याचा कायदा कापायचा होता तेव्हा सांगितलं, खड्ड्यात पडलेला माणूस वर येईपर्यंत नगरसेवक म्हणून निवडून आला होता. लगेच कापला. बाकीचे चार मंजूर. पण बाई, त्यात माणसं मरत नव्हती हो.

महापौर : खड्ड्यात मरत नव्हती?

काका : ...थोडी मरत होती.

महापौर : मग आज काय नवीन आहे?

काका : पुलापलीकडच्या वस्तीत माझी लेक राहते. ठाऊक आहे तुम्हाला.

महापौर : आहे. हद्दीबाहेर घरपट्टी नाही, हवा चांगली आहे, उद्या शहर वाढलं की सोनं होईल. असं सांगून तिला तिकडे घर कुणी घ्यायला लावलं, तेही ठाऊक आहे.

काका : मीच. तुम्ही बोलू नका, मीच बोलतो ते. पण आता तिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. पाण्याची पिंपं भरून ठेवलीत. न्हाणीघरात पिंप, जिन्यात पिंप, पलंगाच्या उशाला पिंप. नातू पिंपावर पाटी ठेवून अभ्यास करतो. शेजारचं घर डोळ्यांदेखत जळलेलं पाहिलंय तिने. कायदा एका ओळीचा आहे, बाई. आग लागली तर शहराचा बंब राज्याच्या परवानगीवाचून हद्द ओलांडून जाईल. एक ओळ! ती तरी जगू द्या.

महापौर : आणि त्या ओळीच्या बदल्यात काय मारू? मंडईची जागा विकायचा अधिकार? त्यासाठी मी दोन वर्षं लोकांच्या दारात बसलेय.

काका : मंडई जळत नाहीये.

महापौर : काका, स्पष्ट बोलू? पुलापलीकडचं एक माणूस मला मत देत नाही. देऊच शकत नाही, हद्दीबाहेर आहे. ज्यांच्या हाताला शाई लागत नाही त्यांच्या घराला आग लागली, तर मी काय पदराने विझवू?

काका : तोंडावर बोलताय म्हणून बरं वाटतं. पाठीमागे बोलला असतात तर शिव्या दिल्या असत्या.

महापौर : द्या की. हक्क आहे तुमचा, वयाने मोठे आहात.

काका : मी आत थापच मारणार नाही.

महापौर : म्हणजे?

काका : म्हणजे मगर नाही, खड्डा नाही, काही नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगेन. थाप नाही म्हणजे खूण नाही. खूण नाही म्हणजे आबा ती कापणार नाहीत.

महापौर : ...आणि मग माझी मंडई कापतील.

काका : कापोत. एक वर्ष थांबेल मंडई.

महापौर : फार हट्टी आहात. बरं. जा, सांगा खरं.

काका : खरंच म्हणता?

महापौर : तुमची लेक माझ्याच वयाची. जाऊ दे एक वर्ष. पहिल्या चार मी वाचते, पाचवी तुम्ही सांगा. एक शब्द खोटा घालू नका. कबूल?

काका : बाई, देव तुमचं... चला, आतून हाक आली. माझी कॉलर सरळ आहे ना?

(समितीची खोली. मोठं टेबल, दोन्ही बाजूंना आमदार, कोणी चष्मा पुसतोय तर कोणी डोळे मिटून बसलाय. मध्ये अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात.)

आबा : या या बाईसाहेब! दार लोटा मागे. अरे, काका आलेत! मंडळी, जागे व्हा, काका आलेत! ते तिकडचे, घोरू नका, वर्षातून एकदाच असतो हा कार्यक्रम.

महापौर : नमस्कार आबा. शहराच्या पाच मागण्या आहेत.

आबा : वाचा भराभर. ताट वाढलेलं आहे, चटणीवर थांबू नका.

महापौर : पहिली, मंडईची जुनी जागा विकायचा अधिकार शहराला मिळावा.

आबा : कुणाची हरकत? नाही. मंजूर.

काका : आबा, एक मिनिट, ती आधी...

आबा : थांबा हो काका, तुमची पाळी शेवटी. गाणारा आधीच उठला तर मैफिलीत काय राहणार? पुढची.

महापौर : दुसरी, बसभाडं ठरवायचा अधिकार. तिसरी, जाहिरातीच्या फलकांवर शहराचा कर. चौथी, बागा उघड्या ठेवायची वेळ.

आबा : मंजूर, मंजूर, मंजूर. बागेलाही आमची परवानगी लागते होय? असो. आता पाचवी. पाचवी कोण सांगणार?

महापौर : काका सांगतील.

आबा : वा! खुर्च्या पुढे ओढा रे. काका, घसा ओला करा.

काका : आबा, आज हसायचं नाही. खोटं बोलत नाही, जे झालं तेच सांगतो.

आबा : बघा! सुरुवात बघा! मगरीच्या वेळी अगदी हेच, खोटं बोलत नाही!

काका : मगर सोडा. ओढ्यावर पूल आहे आमच्या. पुलाच्या मधोमध पिवळा दगड आहे, तिथे शहर संपतं. पलीकडे वस्ती. भर दुपारी वस्तीत एका घराला आग लागली. वरच्या मजल्यावर म्हातारी मास्तरीण, एकटी. बंब निघाला, घंटा वाजवत पुलावर आला आणि थांबला.

आबा : का थांबला?

काका : दगड आला म्हणून.

आबा : दगड आला म्हणून!

काका : पुढचं चाक दगडाला टेकवून थांबला, आबा. मागे एकाने दगड ओलांडून लाकडाच्या वखारीची आग विझवली होती. तो निलंबित झाला, आज एका कारखान्याच्या दारात राखण करतोय. मग हा नवा कशाला ओलांडतो? त्याने राज्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. अधिकारी म्हणाला, परवानगी देतो ना, फक्त घरमालकाची समक्ष सही लागेल.

आबा : घरमालक कोण?

काका : मास्तरीण.

आबा : जी आत जळतेय ती?

काका : तीच.

आबा : अहो, समक्ष सही! अरे धरा मला कोणीतरी! पुढे, पुढे!

काका : आबा, हसू नका. नळी सोडली तर ती घरापर्यंत पुरेना. मग बंबवाल्यांनी काय केलं, बंब हद्दीत ठेवला आणि दगडावरून बादल्या पलीकडे दिल्या. बंबाला बंदी आहे, पाण्याला नाही. सगळी वस्ती बादल्या घेऊन रांगेत उभी. आणि मास्तरीण खिडकीत. तिने जन्मभर शाळाच घेतलेली. खिडकीतून ओरडत होती, रांग मोडू नका! ढकलाढकली नको! लहान मुलं मागे!

आबा : रांग मोडू नका! घर पेटलंय आणि बाई शिस्त लावतेय! ओ चष्मेवाले, तुम्हाला असली मास्तरीण हवी होती लहानपणी! मग शेवटी काय झालं? शाळा सुटली?

काका : छप्पर पडलं, आबा.

आबा : आणि मास्तरीण?

काका : ती दिसेनाशी झाली. रांग मोडली नाही कोणी. बादल्या येतच राहिल्या.

आबा : हं. शेवट जरा रडका केलात काका, मगरीची सर नाही. पण समक्ष सही, त्याला तोड नाही.

काका : आबा, मी बनवलं नाही हे. माझी लेक त्या रांगेत होती!

आबा : असणारच. गेल्या खेपेला त्या खड्ड्यात तुमचा सख्खा भाऊ पडला होता. तुम्हाला भाऊ आहे?

काका : नाही.

आबा : मग!

काका : भाऊ नाही, पण लेक आहे! फोन लावून देतो, बोला तिच्याशी. घर उभं आहे अजून, काळं पडलेलं, चला दाखवतो. बाई, तुम्ही सांगा! तुम्ही तिथे आला होतात दुसऱ्या दिवशी. सांगा ना यांना!

आबा : काय हो बाईसाहेब, खरं का हे?

महापौर : आबा, आमचे काका सांगतात म्हटल्यावर मी काय बोलणार?

आबा : वा! या पण तयार झाल्या! काका, शिष्या चांगली मिळाली. तर मंडळी, पाचवी मागणी. शहराचा बंब, शहरातच बरा. उद्या म्हणतील आमचे पोलीसही पलीकडे सोडा. कापली! कोणाची हरकत? नाही. टाळ्या काकांसाठी. अहो, डोळे पुसताय काय, आम्ही हसून रडतोय नि तुम्ही कशाला? चला, जेवायला चला.

काका : ...भूक नाही, आबा.

आबा : बरं, पुढच्या वर्षी लवकर या. आणि मास्तरणीची सांगितलीत ना, तिची बहीण काढा एखादी. चालेल ती.

महापौर : चला काका, जिन्याकडे. या बाजूने. धरू का हात?

काका : नको.

महापौर : चार मंजूर झाल्या. आजवर एवढ्या चटकन कधी झाल्या नव्हत्या.

काका : तुम्हाला ठाऊक होतं. बाकावर बसलो तेव्हाच ठाऊक होतं तुम्हाला. मी खरं सांगितलं तरी तो हसणार.

महापौर : काका, मी फक्त म्हटलं, खरं सांगा. त्याहून चांगला सल्ला कोणी देतं का?

काका : एक शब्द बोलला असतात तर.

महापौर : बोलले असते तर त्यांनी मंडई परत मागितली असती. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? नाही, सांगू नका. मला तुमचं खरं नि खोटं वेगळं ओळखता येत नाही.

काका : बाई, एवढं निर्दय बोलायला कुठे शिकलात?

महापौर : तुमच्याच बाकावर. तुमचा फोन वाजतोय. लेक असेल, घ्या. मी खाली गाडीत थांबते. पाच मिनिटं, हं.

काका (फोनवर) : हां, बोल गं... झालं. झालं ना. ...अगं हो, पहिल्याच झटक्यात. आबांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, असला कायदा आधी का नव्हता? ...नाही गं, थापा नाहीत. तुझ्या आईची शपथ. ...हो, आता थेट दारापर्यंत येईल बंब. दगडबिगड काही नाही. ...रडतेस कशाला वेडे? पोराला दे फोन... बरं, नंतर दे. नीज आज शांत. ...काय? नाही, नाही. पिंपं नको ओतूस. ...काही नाही गं, असंच. पाणी भरलेलं असलं की घर गार राहतं.