बाही वर करा!

...आन् वरून मलेच म्हनते, "बाही वर करा, पाटील!" अवो, कापूस गाडीत हाये का माह्या बाहीत? गाडी भरून आनली, बैल धापा टाकून राहिले, आन् पेठेच्या फाटकात तो काठीवाला शिपाई, ज्याच्या लग्नात मी पंगतीले वाढलं तो पोट्टा, मले अडवते! "देवी काढल्याची दंडावरची निशानी दाखवा, नाही त गाडी मांगं घ्या. कमिटीचा हुकूम हाये." तुमाले सांगतो, मस्तकाची आग झाली आग! अंग माहं हाये का कमिटीचं?

आन् दिवस कोनते, ते त पाहा! तिकडं समुद्रापलीकडं अमेरिकेवाले आपसात लढून राहिले, त्याईचा कापूस बंद, म्हून आमच्या बोंडाले असा भाव आला का लोकं बैलाच्या शिंगाले चांदी मढवून राहिले! अकोल्यापासून अमरावतीपावतर गाड्याच गाड्या! नेमकी अशा वक्ती बाळापूरकडच्या खेड्यात देवीची साथ आली, आन् आमच्या पेठेच्या कमिटीले ठराव सुचला. ज्याच्या दंडावर सुईची निशानी नाही, त्याची गाडी बाजारात नाही! मीबी त्याच कमिटीत हो. लय भांडलो. म्हनलं, "बैलाले डाग देता तसा मानसाले देता काय? आज दंड टोचता, उद्या म्हनसान मिशी काढा!"

त आमचे तहसीलदार भगवंतराव, पुन्याकडचे, मान अशी वाकडी करून, एकेक शब्द चिमटीत धरून बोलनार, "हे पाहा खुशालराव, आपलं अंग आपलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु आपल्या अंगातली देवी शेजाऱ्याच्या घरी गेली, तर ती कोणाची?" याले जवाब म्हून मी अजून मोठ्यानं वरडलो! तिकडून कापसाचा व्यापारी बद्रुद्दीन शेठ दाढी कुरवाळत म्हनते, "अरे पाटीलसाब, कपास की गाँठ पे ठप्पा लगा तो माल पक्का हुआ ना? फिर आदमी पे लगा तो क्या बिगड़ा?" घ्या! मले गाठीत बांधून मोकळा! सारे हात तिकडं वर झाले, ठराव पास. माह्या बाजूनं एकच हात होता, तो माहाच.

आता तुमी म्हनसान, येवढं काहून भांडला हा मानूस? तथी कमिटीत नाही सांगतलं, तुमाले सांगतो. आमचा थोरला पोरगा, जानराव, याच देवीनं नेला हो. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवला होता, अंगावर बोट टेकवाले जागा नव्हती. तवापासून तिचं नाव निघालं का मी उठून अंगनात जातो. आन् हे म्हनतेत, तिले आपल्या हातानं, सुईनं घरात घ्या! मी कमिटीले नाही भेलो, मी तिले भेलो. पन पाटलानं चारचौघात भेतो म्हनून सांगाचं कसं? म्हून वरडाचं... अंग माहं हाये का कमिटीचं?

त काय, गाडी फिरवली, घरी आलो, आन् पाह्यतो त दारावर कडुलिंबाचे डहाळे! आमची मनकर्णा, म्हनजे बायको, उंबऱ्यात उभी. "हळू बोला," म्हने, "माता आली घरात." बाप्पा! नात हाये आमची, गोदी, चार वर्साची. जोडे न काढता आत धावलो... त पोट्टी बाजेवर बसून गूळ खाऊन राहिली! दंडावर टपोरा फोड. मी तथी कमिटीत घसा फोडून राहिलो, आन् इकडं मनकर्णेनं तिले टोचूनबी आनली होती! गूळ चारून तोंड बंद, फोड बाहीखाली झाकलेला, आज ताप आला तवा उघडं पडलं. मी डोळे वटारले त मनकर्णा म्हने, "एक गेला. ही मी जाऊ देनार नाही. तुमी भांडा तथी." मी मांगं फिरून जोडे काढले.

आता आमची रीत तुमाले ठावकी हाये. देवी आजारानं येवो का सुईनं, जिच्या अंगात आली तिचं बोलनं म्हनजे मातेचं बोलनं! घरात फोडनी बंद, तिखट बंद, माही चिलीम बंद. गोदीनं हे बरोबर वळखलं. "आजा, घोडा व्हय." झालो घोडा! पागोट्यासकट अंगनात रांगून राहिलो, आन् तेवढ्यात दारात कोन? अख्खी कमिटी! संग देवी काढनारा, गोदीले टोचलं होतं तोच. कारन लस का आभाळातून पडते? एकाच्या भरल्या फोडातलं पानी घ्याचं, दुसऱ्याच्या दंडात टोचाचं, आन् साऱ्या पेठेत चांगला भरलेला फोड एकच, माह्या नातीचा!

भगवंतराव म्हनतेत, "खुशालराव, आपली परवानगी असेल तर..." मी खालूनच म्हनलं, "माही कशाले? मातेले पुसा!" झटक्यात बोलून गेलो हो... तोंड आवरलं असतं त!

गोदीनं बोटाचा गूळ चाटला आन् म्हने, "घ्या. पन पहिले आजाले टोचा!"

"काहून वं?" मनकर्णेनं पुसलं.

"मले दुखलं. त्यालेबी दुखू द्या!"

मनकर्णेनं हात जोडले. भगवंतराव म्हनतेत, "ठराव एक वेळ बाजूला ठेवू, खुशालराव, पण ही तर साक्षात आज्ञा झाली." बद्रुद्दीन शेठ हासू दाबत, "पाटीलसाब, अब अपील किधर करोगे?" मी तोंड उघडलं, अंग माहं हाये का... आन् पाठीवरची गोदी वाकून माह्याकडं पाहून राहिली. डोळे थेट जानरावाचे. मंग काय, केली बाही वर.

थोड्या दिसानं दंड सुजला, ताप चढला. म्हनलं, खुशालराव, आता तुही पाळी! आता माता तुह्या अंगात! बाजेवर ताठ बसलो, आवाज घोगरा केला, "मनकर्णे! मातेचा हुकूम हाये! झणझणीत रस्सा कर, आन् चिलीम भर!" मनकर्णा आली, पदर सावरला, वाकून पाया पडली माह्या, भक्तीनं बरं का... आन् म्हने, "माते, मुकाट्यानं ताक-भात खा आन् नीज."

कमिटीशी भांडता येते हो... पन जिचं मातासुद्धा ऐकते, तिच्याशी काय भांडता? खाल्ला ताक-भात.